चाळीसचा बल्ब

स्लेटर रोडला, दुसऱ्या माळ्यावर,
आलामायच्या पियानोच्या पोटात
बारा महिने जळतो चाळीसचा बल्ब.
नाहीतर खाऱ्या हवेनं तारा गंजतात, नमदा फुगतो.

इनास मिस्किटा पुढची फळी उतरवतो,
हातोड्यांवरची धूळ फुंकतो.
"बॅटरी धर गो.
दोनशे वर्षांमागची ती पोरं:
चंद्र, वादळ, पडके मठ,
तिशीत छाती पोखरून गेली,
शिंप्याची बिलं तशीच.
आणि त्यांचं वादळ अजून आपण सुरात लावतोय,
फेरीला अडीच हजार."

आज बल्बच गेलेला.
लोहार चाळीत सहा दुकानं पालथी घातली.
"पिवळा बंद झाला, बाई. हा घ्या एलईडी,
उजेड दुप्पट, गरम होतच नाही."
तेच तर.

सातव्याच्या पोटमाळ्यावर
एक निघाला, खोक्यासकट.
रुमालात गुंडाळून आणला, अंड्यासारखा.

आलामायनं रात्रीचं काहीतरी वाजवलं, भर दुपारी.
डावा हात दोनदा चुकला.
फळीच्या फटीतून
तिच्या गुडघ्यांवर पिवळी रेघ.

इनास पावती लिहीत होता.
बल्ब: बारा रुपये.
मग बारा खोडले,
आणि तिथं काहीच लिहिलं नाही.