हातचा एक

साडेदहाला टेबलावर परात येते
आणि चार किलो बटाटे.
ब्रेमरहाफेनमधल्या या तिसऱ्या मजल्यावर
खरी सकाळ तेव्हा होते.

गेसीनाबाई सोलतात. कागदासारखी पातळ, अखंड साल,
एकही डोळा मागे राहत नाही.
ओठांत आकडे: सात नि आठ पंधरा,
पंधराचे पाच, हातचा एक.
बत्तीस वर्षं मासळीच्या लिलावात हिशेब लिहिला त्यांनी.
शेजारी एन्नो सोललेला बटाटा पुन्हा सोलतो,
पुन्हा सोलतो,
सुपारीएवढा झाला की खिशात टाकतो.
सोमवारी धुण्यात सात निघाले.

हिन्नर्क ताटं मांडतो.
बोटीवर स्वयंपाकी होता; अजूनही
ताटांखाली ओलं फडकं अंथरतो,
लाटेनं घसरू नयेत म्हणून.
घरात आता आठ जण. तो नऊ मांडतो.

इर्मट्राउट गेली त्याला बारा दिवस झाले.
कोण गेलं, कुणालाच सांगता येत नाही.
एन्नोनं तर शवपेटीमागून चालताना
हळूच विचारलं मला, लग्न कुणाचं?

मी नववं ताट उचलते. तो परत ठेवतो.
मी उचलते. तो बघतो माझ्याकडे,
पहाऱ्यावर झोपलेल्या पोऱ्याकडे बघावं तसा.
गेसीनाबाई सुरी न थांबवता म्हणतात,
"राहू दे गं. हातचा आहे तो."

आज वार कोणता, त्यांना ठाऊक नसतं.
पोटच्या मुलीला त्या 'सिस्टर' म्हणतात.

गुरुवारी नवीन बाई आल्या, टालेया.
लेकाच्या एका हातात सूटकेस,
दुसऱ्यात टेबललॅम्प, वायर गुंडाळलेली.
दारात त्यांचे पाय अडले.
"बघ ना आई, किती उजेड आहे इथे,"
लेक म्हणाला, आणि स्वतःच
भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.
आठ चेहरे वर झाले.
गेसीनाबाई कडाडल्या,
"किती हा उशीर! बटाटे गार झाले."
"बस चुकली," टालेया म्हणाल्या.
कोट काढला, नवव्या ताटावर बसल्या,
मीठ मागितलं.

एवढंच. एक बस चुकली
आणि बारा दिवसांची खुर्ची भरली.
मला राग आला, इर्मट्राउटच्या वतीनं,
खरंच आला. तिचा अर्धा विणलेला मोजा
अजून माझ्या लॉकरमध्ये आहे, सुयांसकट.
मग मीठ सरकवलं त्यांच्यापुढे.

रात्री एन्नोच्या खिशात
एकच निघाला, सुपारीएवढा.
टाकवला नाही.