चार्ज

ये इरण्णा, ह्या घे किल्ल्या.
पंपघराची ही. कुलूप जरा वर उचलून फिरवायचं.
कात्री माझी स्वतःची, तरी ठेवून जाऊलालोय,
घरी मला कापायला काय हाय? नखं.

उदगीरच्या ह्या विश्रामगृहात एकतीस वर्षं
साहेब आले, झोपले, गेले.
झाडाचं नाव विचारणारे
एका हाताच्या बोटांवर मोजून
अंगठा शिल्लक राहतो.

लिहून घेतोस? नको. ऐक नुसतं.

हस्त सरला की गुलाब छाटायचे.
पेन्सिलीएवढी काडी राख,
बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या बोटभर वर
तिरका काप, एका झटक्यात.
दोनदा चावलंस तर काडी काळी पडती.
पहिल्या वर्षी माझा हात कापत होता.
दस्तगीरमामा म्हणले,
न्हावीच रडाय लागला तर गिऱ्हाइकानं काय करावं?

मोगऱ्याचं पाणी येळवशीपासून तोड.
लोक म्हणतील, माळी लई निर्दयी. म्हणू दे.
पानं गळाली की छाट, मुळं जरा उघडी कर,
आठ दिवस ऊन दाखव,
मग लिंबोळी पेंड, शेणखत, आणि हात न आखडता पाणी.
रात्रपाळीचा मोतीराम भांडायचा माझ्याशी,
तुझ्या मोगऱ्यानं डोळा लागतो,
मेमो आला तर तुझंच नाव सांगीन.

बोगनवेलीचे लाड करू नको.
पाणी दिलंस की नुसता पाला.
तहानेली ठेवली की भिंत लाल करती.
कुठनं आली कुणास ठाऊक,
पण इथलं पाणी तिनं ओळखलंय.

होळीच्या आत खोडांना गेरू-चुना, गुडघ्याच्या वरपर्यंत.
नव्या रोपांना तुराट्यांचा आडोसा, पश्चिमेकडून.
आळ्यात सोयाबीनचं भुसकट वीतभर,
पण खोडाला चिकटवू नको, वाळवी टपलेलीच असती.
पाणी सातच्या आत.
दुपारच्या पायपातलं पहिलं पाणी
चहा म्हणून कपात देता येतंय.

लॉनचं अवघड हाय.
टँकरच्या वर्षी कागद आला होता:
'हिरवळ हिरवी राहील याची दक्षता घ्यावी.'
गेटाबाहेर घागरी रात्रभर रांगेत बसलेल्या,
बायका घरी, घागरी जाग्या.
मी पायप गेटाकडं वळवला. पाच रात्री.
हिरवळ पापडासारखी वाजाय लागली पायाखाली.
एक वेतनवाढ गेली.
पुढं आषाढात, कुणी बोलावलं नव्हतं तरी,
हरळीनं कडंकडंनं वर बघितलं.
कागद मात्र फायलीत अजून तसाच हाय.
उन्हाळ्यात तिला बोटभर उंच ठेव, एवढंच.

आता हे रजिस्टर. सही कर इथं.
एकशे चौदा झाडं, त्यातली वाळलेली नऊ.
सही झाली? मग चल, मागं चल.

हे बघ. पंपघराच्या आडोशाला, वायसरच्या गळतीवर.
अनंत. दस्तगीरमामाच्या हातचा.
पार्किंगच्या शेडला आडवा यायचा, तोडा म्हणले.
मी श्रावणातल्या एका ढगाळ सांजंला
चहूबाजूनं माती धरून उचलला,
ओल्या बारदानात बांधला,
आणि रजिस्टरात लिहिलं: वाळले.
खोटी नोंद. एकतीस वर्षांत एकच.
(बरं, दोन. दुसरी मोतीरामच्या झोपेची.)

दोन वर्षं रुसला. एक पान नाही.
मी पण रोज एक तांब्या घालून
त्याच्याकडं न बघता जायचो.
तिसऱ्या वर्षी आधी वास आला,
मग शोधलं, तर पानाआड एकच.

कळ्या उघडायच्या आधीच गळाल्या तर घाबरू नको,
पाणी कमीजास्त झालं असंल.
वायसर बदलू नको.
आणि मोजणीला कुणी इकडं आलंच,
तर पंपाच्या आवाजात
तुला काही ऐकू येत नाही.