बिल्ला

लानेलीत, पुलाखाली गाडी लावून,
दोन घरांच्या मधल्या अकरा मिनिटांत
फोनवर फॉर्म भरतेय.
पूर्ण नाव: शालन दिनकर वेळापुरे.
इंग्रजीत ळ चा ल झाला,
आणि वेळ कधीच पुरत नाही
हे त्यांना कळायचं राहूनच गेलं.

कधी शिक्षा? कधी चौकशी?
काम नीट होणार नाही असं काही दुखणं?
(गुडघा. नाही लिहिला.)
तुमच्या सचोटीची ग्वाही कोण देईल?
ज्यांची सेवा करता, त्यांची चालणार नाही.

म्हणजे ग्विलिम प्रॉसर बाद.
रोज सकाळी सव्वासातला ज्यांची पाठ पुसते,
पायाच्या बोटांच्या बेचक्या
एकेक करून कोरड्या करते,
तेच माझ्याबद्दल बोलायला अपात्र.

बरोबरच आहे म्हणा.
मागच्या वर्षी शेरिलचं नाव यादीतून काढलं.
न जाताच 'जाऊन आले' लिहायची.
एक म्हातारी सोमवारपासून बुधवारपर्यंत
त्याच ओल्या चादरीत.
शेरिल माझ्याबरोबर गाडीत चिप्स खायची,
माझे हातमोजे संपले की तिचे द्यायची.
नाव काढलं ते बरंच झालं,
असं मी अजून कुणाला मोठ्यानं म्हटलेलं नाही.

प्रॉसरना सांगितलं, मला आता नंबर मिळणार.
तर उशीवरून उठून बसले.
एके काळचे बस कंडक्टर.
मुलीचं नाव हल्ली सापडत नाही त्यांना,
पण छातीवर, जिथे काहीच नव्हतं तिथे
हात ठेवून म्हणाले,
"चार हजार चारशे सतरा.
बिल्ला नसेल तर पैशाला हात लावायचा नाही."
मग जरा संशयानं,
"तू तिकीट काढलंस ना?"
काढलं, म्हटलं.

शेवटून दुसरा रकाना: पूर्वीचा अनुभव.
लिहिलं: वडील, मिरज, चौदा महिने.
खोडलं.
ते चौदा महिने मी इथे होते.
तिथे ब्युरोतून आलेली बाई होती,
सकाळी आठ ते रात्री आठ.
दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची,
पाठीला पावडर, चमच्यानं पेज,
आणि त्यांनी शिवी हासडली
की पदर तोंडाला लावून हसायची.
मी व्हिडिओवर बघायचे. तिचे फक्त हात दिसायचे.

भावाला फोन लावला.
मावशींचं नाव काय होतं रे?
"मावशीच की."
आडनाव?
पलीकडे बराच वेळ नुसता टीव्ही चालू होता.

अकरा मिनिटं संपली.
फॉर्म म्हणतो, एक रकाना रिकामा आहे,
पुढे जाता येणार नाही.

गाडीला कुलूप. जिना. गुडघा.
भिंतीवरच्या डबीत पुढच्या घराची किल्ली,
चार आकडे दाबायचे.
दार ढकलेपर्यंत आतून कापरा आवाज,
"कोण?"
मी, म्हणते.
मीच.