साडेचार किलो

गुरुवारी ताम्पेरेत, सॉना तापायला वेळ लागतो तेवढ्यात,
आम्ही तिघं बाहेरच्या खोलीत बाकावर बसतो,
कमरेला टॉवेल, हातात गार बिअर,
आणि बोलतो फक्त बेसबद्दल.
बायकापोरांबद्दल नाही. गुडघ्यांबद्दल नाही.
(गुडघ्यांबद्दल थोडंसं.)

इल्पो म्हणतो, तारा उकळल्या की नव्या होतात.
त्यानं एकदा उकळल्या होत्या, चमचाभर व्हिनेगर घालून,
आणि संध्याकाळी त्याच पातेल्यात बटाटे.
वेइक्को म्हणतो, बदलायच्या कशाला आणि उकळायच्या कशाला?
त्याच्या तारा सत्त्याऐंशी सालच्या,
गुळगुळीत, घामानं मुरलेल्या.
"बेसची तार तुटत नाही. वाजवणारा तुटतो."
मग तो एक लांब घोट घेतो,
आपण काही थोर बोललो असं वाटून.

कोपऱ्यात संगीत मासिकांची चळत,
वाफेनं फुगलेली, पानाला पान चिकटलेलं.
निम्म्याहून जास्त जाहिराती:
तीनशे वॅटचा ॲम्प, पाच तारा, सहा तारा.
"सहा?" इल्पो म्हणतो, "मला चार पुरून उरल्या.
वरच्या दोघींशी तर माझी अजून नीट ओळखही नाही."

एका अंकात बावन्नाव्या पानावर इल्पोचा फोटो आहे.
म्हणजे, त्याचं कोपर.
मधोमध गायक, तोंड उघडं; गिटारवाला गुडघ्यांवर;
आणि कडेला, जिथं कागद कापला गेला तिथं,
एक कोपर, शर्टाची दुमडलेली बाही.
खाली तिघांची नावं. मग "आणि इतर".
चूल पेटवायला बाकी सगळे अंक चालतात.
हा एक, एकतीस वर्षं, तो कुणाला हात लावू देत नाही.

मी यांच्यात धाकटा, अठ्ठावन्न.
जहाजावरच्या बँडमध्ये दोन वर्षं काढली,
रात्री तुर्कूहून स्टॉकहोम, दिवसा परत,
समुद्र उसळला की ड्रमर वाहवत जायचा
आणि त्याला कॉलर धरून आणायचं काम माझं.
नाचणाऱ्यांना पत्ता नसायचा. नसावाच.
मग व्हॅन: हीटर एकच, तो गायिकेच्या पायाशी.
ॲम्प ब्लँकेटात, आम्ही कोटात.
पैशांची वाटणी पेट्रोल पंपावर, बॉनेटवर नाणी मांडून,
आणि भांडणंही तिथंच, इंजिनाची ऊब असेपर्यंत.

आज वेइक्को टॉवेलची गाठ पुन्हा पुन्हा बांधत म्हणाला,
"विकला."
काय?
"साडेचार किलो. खांदा म्हणाला, आता एक तर तो नाही तर मी."

कुणी बाटली खाली ठेवली नाही.
कुणी घोटही घेतला नाही.

"कांगासालाची मुलगी. सतराची असेल.
पहाटे बेकरीत काम करते, केसांत पीठ तसंच.
म्हटलं, वाजवून बघ. लाजली.
एकच सूर वाजवला, सगळ्यात खालचा,
आणि तो पार विरेपर्यंत बोट उचललं नाही.
म्हणून दोनशे युरो कमी केले."

"गाढव आहेस," इल्पो म्हणाला.
मग, बऱ्याच वेळानं,
"तारांचं सांगितलंस?"
"सांगितलं."
"नाही ना बदलणार?"
"बदलेल. त्या वयात बदलतातच."

आत अंधार होता, वरच्या फळीवर तिघं ओळीनं.
इल्पोनं दगडांवर पाणी टाकलं,
वाफ उठून कानाच्या पाळ्यांना डसली.
फळीतून काहीतरी माझ्या मांडीपर्यंत येत होतं:
वेइक्कोची दोन बोटं,
लाकडावर, आळीपाळीनं,
आवाज नाही, नुसता धक्का.
कुठलं गाणं, मी विचारलं नाही.
इल्पोनं ओळखलं असावं.
डोळे मिटूनच तो म्हणाला,
"हळू. पळतोयस."