खालचा खण

सही ओरिआनाची होती.
खण मी लावला होता.

वरची फळी मोडली, सुताराला चिठ्ठी पाठवली,
सुतार आला नाही,
म्हणून पोटॅशियमच्या कुप्या ठेवल्या सलाइनच्या शेजारी.
तात्पुरत्या.
काच तीच, पाणी तसंच,
लेबलावरची निळी अक्षरंही जुळ्या बहिणींसारखी.

पहाटेचे चार. कास्त्रोच्या बंदरावर धुकं,
वॉर्डात अठ्ठावीस खाटा आणि ती एकटी.
रेनातो कार्कामोच्या हातातली नळी
नुसती धुवून घ्यायची होती.

चौकशीत तिला विचारलं, वाचता येत नाही का?
मला कुणी काहीच विचारलं नाही.
आता ती पुएर्तो मोन्तला बूट विकते म्हणे.

मग एदुविना आली, त्याची बायको.
बोटांना शिंपल्यांच्या चिरा.
माफीचा कागद तिनं तसाच परत सरकवला.
म्हणाली, तो खण दाखवा.

मी ओढला. तिनं दोन कुप्या उचलल्या,
खिडकीशी धरल्या, विचारलं,
यातली कुठली?

अठरा वर्षं औषधं देतोय मी.
मला लेबल फिरवून बघावं लागलं.

"आमच्याकडे कॉस्टिक सोडा गोठ्यात असतो,
मीठ चुलीपाशी," ती म्हणाली.
"पोरांना वाचता यायच्या आधीपासून."

त्या रात्री ते खोकं मी
जिन्यापलीकडच्या खोलीत नेलं, कुलूप घातलं.
एकेचाळीस पावलं. जाताना मोजली,
येताना पुन्हा.

ओरिआनाला पत्र लिहायला घेतलंय.
पहिल्याच ओळीत सुतार येतो.
खोडतो.