तंबूचा ऊस

तंबू आला, खिळे आले, दोऱ्या आल्या,
भडंगाचा डबा, दोन घोंगड्या, यशूचा एककानी ससा,
टॉर्च, टॉर्चचे सेल.
आणि यादीत बरोबरची खूण असूनही
मधली दांडी तेवढी
राजारामपुरीत, चपलांच्या स्टँडमागे उभी राहिली.

संग्राम डिकी तीनदा उघडतो, तीनदा लावतो.
फाउंड्रीत चौदाशे अंशांचं लोखंड ओतणारा माणूस
इथे तुळशी धरणाच्या काठावर
एका पोकळ नळीपुढे हरून बसतो.
दोन दिवसांची रजा. तीही मागून मागून मिळालेली.
"परत जाऊया काय?"
हे तो मला विचारत नाही, पाण्याला विचारतो.
मी गप्प. अक्षर माझं आहे, खूणही माझीच.

बांधावरून दौलू आप्पा येतात, हातात कोयता.
तंबूकडे बघतात, आमच्याकडे बघतात,
घर असताना माणसं उघड्यावर का निजतात
हा प्रश्न तंबाखूबरोबर गालात सारतात,
म्हणतात, "दांडीच पायजे न्हवं?"
आणि फडातनं एक ऊस घेऊन येतात.
वाढं छाटलेला, पाचट काढलेला,
बुडख्याला तिरका घाव.
"मोडायचा न्हाई ह्यो. वाकला तर वाकंल."

तर असा तंबू उभा राहिला,
डावीकडे जरा कललेला,
कुणाचं तरी बोलणं ऐकत असल्यासारखा.

मनवा सात वर्षांची. तिने चेन लावली, उघडली, परत लावली
आणि घराचे नियम सांगितले:
चपला बाहेर. भांडण बाहेर. मोबाइल बाहेर.
यशू चारचा. तो नियम ऐकत नाही.
तो खांबाशी मांडी घालून बसला
आणि हळूच त्याला विचारलं,
"तू गोड आहेस?"

रात्री पलीकडच्या गुऱ्हाळातून
उकळत्या रसाचा वास थंडीवर बसून आला.
"मम्मी, अंधार किती वाजता संपतो?"
मी म्हटलं, सहा वाजता.
"बंद कोण करतं?"

आम्ही चौघं एका रांगेत.
घरी असं होत नाही.
तो नाइटवरून येतो तेव्हा डबे भरलेले असतात,
दप्तरं दारात असतात,
आणि दिवसभर बंद दाराबाहेर
मी ओठांवर बोट ठेवून फिरते.
पोरांना बापाची झोप म्हणजे एक दार माहीत आहे.
आज तो हाताच्या अंतरावर झोपला
आणि झोपेत म्हणाला,
"ओता... हळू... हळू ओता."
"पप्पा काय ओततात?" यशूने विचारलं.
"लोखंड," मनवा म्हणाली.
"चहासारखं?"
"चहासारखं."
मग बराच वेळ दोघं त्याच्या तोंडाकडे बघत राहिले,
पुढचं काय ओततो म्हणून.

पहाटे कुरकुर ऐकू आली.
आधी वाटलं उंदीर. मग वाटलं कोल्हा.
मी संग्रामला हलवलं, त्याने टॉर्च शोधला,
टॉर्चमध्ये सेल नव्हते,
सेल होते, वेगळ्या पिशवीत होते,
आणि तेवढ्यात काहीतरी सरकलं
नि सगळं आभाळ, दवाने ओलं, नायलॉनचं,
आमच्या तोंडावर आलं.

कापडाखाली कुणाचा पाय कुणाचा कळेना.
चेन सापडेना.
"आई तुला सांगत होती," मी ओरडले,
"ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये!"
अशी म्हण मी त्याला कधीच सांगितली नव्हती.
"पण मूळच जास्त गोड आहे," अंधारातून यशू म्हणाला.
"हो, खरंच," मनवा म्हणाली, नियम करणारी,
तोंड भरलेलं.

आणि संग्राम हसायला लागला.
आवाज नाही, नुसतं कापड हलत होतं.
आम्हाला बाहेर काढायचं सोडून
तो चाचपडत म्हणाला,
"एक कांडं मला ठेवलंय काय?"

सकाळी दौलू आप्पांनी चोथ्याचा ढीग बघितला,
विचारलं काहीच नाही, अजून एक ऊस देऊन गेले.

घरी आल्यावर यशूने स्टँडमागची दांडी ओढून काढली,
दोन्ही टोकांना जीभ लावून बघितली.
"फिक्की," म्हणाला,
आणि होती तिथे ठेवून दिली.

यादी फ्रिजवर आहे.
दांडीपुढची खूण मी तशीच ठेवली आहे.