इतर औषधे

सोमवार हा प्रेशरचा वार.
जांबोटीच्या दवाखान्यात खुर्च्या चार, माणसं पंधरा,
आणि माझ्यापुढं कन्नडात छापलेलं रजिस्टर.
मराठीतली चक्कर, मराठीतली धाप
मी त्यात कन्नडात उतरवून घेते.
खोकला आहे तसाच उतरतो.

बयाजी कोकरे पहिल्या एसटीनं आला
चोर्ल्याकडच्या धनगरवाड्यावरून.
दंडाला पट्टा बांधू दिला नाही.
आधी कोपरीत हात घालून एक पिशवी काढली,
चकचकीत, वर झिप,
परक्या लिपीतली अक्षरं आणि एका वाकड्या झाडाचं चित्र.

"निंगूनं धाडलंय."
निंगू आधी मडगावला हॉटेलात भांडी घासायचा,
मग जहाजावर, मग तिकडंच कुठं उतरला, स्पेनात.
"ऑलिव्ह झोडतोय काठीनं. आपुन चिंचा झोडतो तसंच, म्हणाला.
ह्यो त्याच झाडाचा पाला. उकळून प्यायचा.
तिथली म्हातारी पित्यात म्हणं, प्रेशरला."

मी एक पान उचललं.
अरुंद, कडक, वरून हिरवट
आणि पाठीवर विभूती फासल्यासारखं राखी.
दाताखाली धरलं.
काडेचिराइताची धाकटी बहीण.
"कडू हाय न्हवं?"
बयाजीच्या तोंडावर असं हसू
की कडूपणा लेकानं कमावून पाठवलाय.

"आणि बघा की ओ सिस्टर, हे झाड आपल्याकडं बी हाय.
पारजांब. आमच्या गोठ्यामागं तीन हायती.
फळ फोटूत बघितलं, तसंच, आपलं जरा बारकं.
पान तेवढं निराळं. आपलं रुंद, काठाला दातं.
खानापुरास्नं झाडं मोजाय एक बाई आलती,
ती बी म्हणाली, होय बाबा, भावकीच.
वाटणी कवा झाली, कुणाला ठावं."

पारा चढला एकशे ऐंशीवर.
खालचा एकशे दहा.
मी दुसऱ्या दंडाला लावून पाहिला. तोच.

"गोळी?"
तो खिडकीतून एसटीकडं बघू लागला.
चंचीतून पाकीट निघालं, सुपारीच्या भुग्यात माखलेलं,
तीसच्या तीस गोळ्या जागच्या जागी.
"सरकारची गोळी काय, कुणाला बी मिळतीया.
ह्यो पाला माझ्या नावानं आलाय."

मी ओरडले. ओरडायचं तेवढं ओरडले,
अर्धांगवायू, मेंदूची शीर, सगळं,
बाकीची चौदा माणसं गप्प झाली.
पेल्यात पाणी दिलं, गोळी हातावर ठेवली,
गळ्याची घाटी खाली-वर होईपर्यंत बघत राहिले.

मग पिशवी बंद करायला घेतली
आणि हात थांबला.
पार्सल दसऱ्याचं. रोज दोन चिमटी.
आता शिमगा होऊन गेला
तरी पिशवी गळ्यापर्यंत भरलेली.
बोट खोल घातलं.
वर मूठभर राखी पाठीची पानं,
आणि खाली सगळी रुंद,
इथल्या उन्हात वाळून तांबूस झालेली,
काठाला दातं.

बयाजीनं माझं बोट बघितलं.
मी त्याच्याकडं बघितलं नाही.
झिप ओढली. ती मधेच अडकली,
त्यानं पुढं होऊन, सवयीच्या हातानं
थोडी मागं घेऊन सोडवली.

"गोळी सकाळी, रोज.
पाला प्यायचाच तर संध्याकाळी, एकच कप.
पुढच्या सोमवारी मी गोळ्या मोजणार, बयाजी.
पाला मोजणार नाही."

"बरं," म्हणाला.
पिशवी कोपरीत, डाव्या बाजूला.

रजिस्टरात शेवटचा रकाना असतो,
इतर औषधे. रुंदी दीड बोट.
मी लिहिलं, कन्नडात: एले.
पान.
कुठल्या झाडाचं,
एवढं लिहायला त्यात जागा नसते.
नंतर पुढचा नंबर पुकारला.